हेतू आणि प्रेरणा : मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील प्रीतीची संकल्पना

१

जबलपूर येथे अतिथी प्राध्यापक म्हणून अध्यापन करीत असताना तौलनिक साहित्याच्या वर्गात पंडिता रमाबाई आणि लक्ष्मीबाई टिळक यांच्या आत्मपर लेखनाचा परिचय करून देण्याचा प्रसंग आला. विद्यार्थी बहुतेक हिंदीभाषक होते. काही मात्र भोसल्यांच्या अमदानीपासून किंवा पुढे रेल्वेच्या निमित्ताने नर्मदाकाठी स्थायिक झालेल्या मराठी घराण्यांतील होते. व्याख्यान संपल्यावर त्यांपैकी एकाने विचारले, “या लोकांनी सेवा केली हे खरे, पण ती कशासाठी केली? माणसे ख्रिस्ती व्हावीत यासाठीच ना? मग त्या सेवेला प्रेम म्हणायचे की नाही?”

प्रश्न उद्धट नव्हता आणि नवाही नव्हता. गेली दीडशे वर्षे तो या ना त्या रूपाने आपल्या सार्वजनिक जीवनात विचारला जात आहे. वृत्तपत्रांनी, चौकशी समित्यांनी आणि न्यायालयांनी त्याची उत्तरे आपापल्या परीने दिली आहेत. साहित्याच्या अभ्यासकांनी मात्र तो आपल्या कक्षेबाहेरचा मानून बाजूला ठेवला. वास्तविक ज्या ग्रंथांवर आपण लिहितो त्यांच्या गाभ्याशी हाच प्रश्न आहे. श्रद्धेला आणि सेवेला प्रवृत्त करणारे मूळ कारण कोणते, भय, लाभ, तर्क की प्रेम, याचा शोध हे ग्रंथ स्वतःच घेत आहेत. तो शोध त्यांच्याच शब्दांच्या आधारे समजून घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

२

आरंभी दोन शब्दांचा विचार करणे आवश्यक आहे. पहिला शब्द ‘प्रीति’. नव्या करारातील ‘अगापे’ या ग्रीक संज्ञेसाठी मराठी बायबलने ‘प्रीति’ हा शब्द रूढ केला, तर हिंदी बायबलने ‘प्रेम’ हा शब्द पसंत केला. लॅटिनमधील ‘कारितास’ इंग्रजीत ‘चॅरिटी’ झाला आणि कालांतराने त्याचा अर्थ दानधर्मापुरता आकुंचित झाला. म्हणूनच १८८१च्या इंग्रजी संशोधित नव्या करारात करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायातून तो शब्द काढून त्याजागी ‘लव्ह’ योजावा लागला. मराठीतील ‘प्रीति’ची अडचण नेमकी उलट होती. शाहिरी वाङ्मयाने आणि पुढे संगीत नाटकाने त्या शब्दाला शृंगाराची छटा दिली होती. भक्तीच्या क्षेत्रातले शब्द निराळे होते : प्रेम, आवडी, लळा, जिव्हाळा, कळवळा. यांतील ‘कळवळा’ हा शब्द ‘अगापे’च्या विशेष जवळ जातो, कारण त्यात दुसऱ्याच्या दुःखाने आपल्या आत काही हलणे अभिप्रेत आहे. परंतु भाषांतरकारांनी ‘प्रीति’ स्वीकारला आणि त्या लौकिक शब्दात नवा अर्थ भरण्याचे काम पुढील शतकातील मराठी ख्रिस्ती लेखकांवर येऊन पडले.

दुसरा शब्द ‘हेतू’. इंग्रजीतील ‘मोटिव्ह’चे भाषांतर आपण कधी ‘हेतू’ असे करतो, तर कधी ‘प्रेरणा’ असे. हे दोन शब्द समानार्थी नाहीत. हेतू पुढे असतो. आपण त्याच्याकडे चालत जातो आणि तो साध्य झाला की कृती संपते. प्रेरणा मागून येते. ती माणसाला ढकलते, आणि पुढे काय साधले यावर तिचे अस्तित्व अवलंबून नसते. शिवाय न्यायशास्त्रात ‘हेतू’चा आणखी एक अर्थ आहे. पर्वतावर अग्नी आहे हे धुरावरून सिद्ध करताना धूर हा हेतू होय. तेथे हेतू म्हणजे अनुमानाचे साधन. तर्कातील हेतू, साध्यरूपी हेतू आणि अंतःकरणातील प्रेरणा या तीन अर्थांच्या आधारे मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा एकोणिसाव्या शतकातील आणि विसाव्या शतकाच्या आरंभीचा प्रवास स्पष्ट करता येतो, असे मला वाटते.

३

पहिल्या पिढीच्या लेखनावर तर्कातील हेतूचे प्रभुत्व आहे. १८३०नंतर मुंबईत जॉन विल्सन आणि मोरभट दांडेकर यांच्यासारख्यांत झालेले वादविवाद, १८४२ साली सुरू झालेले ‘ज्ञानोदय’ आणि त्यातील खंडनमंडन यांमधून श्रद्धा ही सिद्ध करण्याची गोष्ट आहे, अशी धारणा प्रकट होते. नीळकंठशास्त्री गोरे हे या पिढीचे सर्वांत प्रखर प्रतिनिधी. काशीत वाढलेला हा चित्पावन पंडित ख्रिस्ती मताचे खंडन करावे म्हणून त्याच्या अभ्यासाकडे वळला आणि १८४८ साली जौनपूर येथे त्याने बाप्तिस्मा घेतला. नेहेम्या गोरे या नावाने ओळखल्या गेलेल्या या लेखकाच्या ‘षड्दर्शनदर्पण’ या हिंदी ग्रंथाची भूमिका मुख्यत्वे तार्किकाची आहे. १८५४ साली ख्रिस्ती झालेले बाबा पदमनजी यांच्या ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रातही सत्य कोणते हे शोधणारे जागरूक मनच प्रथम भेटते. त्यांच्या ‘यमुनापर्यटन’ (१८५७) या कादंबरीत विधवांच्या दुःखाचा कळवळा आहे. तथापि त्या कळवळ्याचेही पर्यवसान पुष्कळदा मतप्रतिपादनात होते.

या पिढीला प्रेम ठाऊक नव्हते असे म्हणणे अन्यायाचे होईल. गोऱ्यांनी श्रद्धेसाठी जे गमावले ते केवळ अनुमानासाठी कोणी गमावत नाही. परंतु त्यांच्या वाङ्मयीन रचनेत आधी सत्य सिद्ध होते, मग श्रद्धा येते आणि शेवटी श्रद्धेचे फळ म्हणून प्रेम व सेवा येतात. हा क्रम उलटण्याचे कार्य पुढच्या पिढीने केले.

४

हा क्रम प्रथम स्पष्टपणे उलटलेला दिसतो तो पंडिता रमाबाईंच्या लेखनात. १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी साक्षीत त्यांनी इंग्लंडमधील एक प्रसंग नोंदविला आहे. वाँटेज येथील भगिनी संघाच्या आश्रयाला असताना त्यांना लंडनच्या फुलहॅम भागात पतित म्हणून समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी चालविलेली आश्रमगृहे पाहावयास मिळाली. जिचा संपर्कही निषिद्ध मानावा अशा स्त्रीला कोणी आदराने उचलून उभे करतो, हे त्यांच्या शास्त्राध्ययनाने त्यांना शिकविले नव्हते. त्यांनी आपल्या शिक्षिकेला विचारले की, या स्त्रियांची काळजी घ्यावी असे ख्रिस्ती माणसाला का वाटते? उत्तरादाखल शिक्षिकेने योहानाच्या शुभवर्तमानातील चौथा अध्याय, म्हणजे विहिरीवरील शोमरोनी स्त्रीची कथा, वाचून दाखविली.

या प्रसंगाची रचना लक्षात घेण्याजोगी आहे. रमाबाई ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या उपाध्या कलकत्त्याच्या पंडितांकडून मिळविलेल्या विदुषी होत्या. वादात त्यांना जिंकणे सोपे नव्हते. त्यांनी येथे सिद्धांत आधी ऐकला नाही. आधी सेवा पाहिली, नंतर तिची प्रेरणा विचारली आणि त्यानंतर कथा ऐकली. न्यायशास्त्राच्या भाषेतच बोलायचे तर येथेही धूर पाहून अग्नीचे अनुमान झाले. मात्र धूर म्हणजे ग्रंथातील वचन नव्हते, तर माणसांनी माणसांशी केलेले वर्तन होते. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. नेहेम्या गोरे यांच्या लेखनाने आपल्या शंका फिटल्या हेही त्या कृतज्ञतेने सांगतात. म्हणजे तर्काचा मार्ग त्यांनी टाकला नाही. पण तर्काला प्रवृत्त करणारा प्रश्न प्रेमाच्या दर्शनातून निर्माण झाला होता.

रमाबाईंच्या विचाराची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. ए. बी. शहा यांनी संपादित केलेला त्यांचा पत्रव्यवहार १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला. त्यातून सिस्टर जेराल्डाइन यांच्याशी त्यांचा चाललेला दीर्घ संघर्ष समोर येतो. त्रैक्याचा सिद्धांत, चर्चचा अधिकार, मुलगी मनोरमा हिचे धर्मशिक्षण अशा अनेक विषयांवर रमाबाई आपल्या आश्रयदात्यांशी वाद घालतात. ज्यांनी आपल्याला निवारा दिला, वात्सल्य दिले, त्यांच्यापुढे आपली सदसद्विवेकबुद्धी गहाण टाकण्यास त्या तयार नाहीत. सिस्टरला हा अहंकार वाटतो. आज ती पत्रे वाचताना जाणवते ते निराळेच. प्रेम आणि स्वामित्व यांतील भेद रमाबाईंना प्रेम स्वीकारतानाच कळला होता. घेणाऱ्याच्या जागी उभे राहून शिकलेला हा धडा त्यांना देणाऱ्याच्या जागी आल्यावर उपयोगी पडावयाचा होता.

५

तो कसाला लागला १८९३ साली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू झालेले आणि पुढच्या वर्षी पुण्यास हलविलेले शारदासदन हे उच्चवर्णीय विधवांसाठी होते. त्याला अमेरिकेतील रमाबाई असोसिएशनने दहा वर्षे साहाय्य देण्याचे ठरविले होते आणि संस्थेत कोणत्याही धर्माचे शिक्षण दिले जाणार नाही अशी अट होती. रमाबाई आपल्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करीत. ज्या मुलींना येऊन बसावेसे वाटे त्यांना त्या परत पाठवीत नसत. यावरून वादळ उठले. ‘केसरी’ने कठोर टीका केली, न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे सहानुभूतिदार सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि काही पालकांनी मुली काढून नेल्या.

या प्रकरणात एका पक्षाला सर्वस्वी दोषी ठरविणे सोपे आहे, पण ते उपयोगाचे नाही. रानडे-भांडारकरांचा आक्षेप वचनाविषयी होता. संस्थेने पालकांना जे आश्वासन दिले त्याच्या मर्यादेत उघडे दार बसते की नाही, हा त्यांचा प्रश्न योग्यच होता. रमाबाईंचे म्हणणे असे की, आपली श्रद्धा मुलींपासून लपविणे म्हणजे त्यांच्यावरील प्रेमात अप्रामाणिकपणा आणणे होय. एका बाजूला दुर्बळाच्या विश्वासाचे रक्षण, दुसऱ्या बाजूला प्रेम करणाऱ्याची पारदर्शकता. दोन्ही मूल्ये प्रेमाचीच आहेत, आणि म्हणूनच हा संघर्ष शोकात्म आहे.

येथे एक साक्ष विसरता येत नाही. सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई जोशी. १८९३ सालीच त्यांचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला आणि आनंदीबाई किंवा बाया कर्वे म्हणून त्या महाराष्ट्राला परिचित झाल्या. ‘माझे पुराण’ या आत्मचरित्रात त्यांनी सदनातील दिवसांचे मोकळे चित्रण केले आहे. त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत. रमाबाईंनी त्यांना जे दिले ते कर्व्यांच्या घरी गेले आणि १८९६ साली स्थापन झालेल्या अनाथ बालिकाश्रमाच्या कार्याशी जोडले गेले. मोजणाऱ्याच्या दृष्टीने हे धर्मांतराच्या हेतूचे अपयश म्हणावे लागेल. प्रेरणेच्या दृष्टीने ते पूर्ण यश आहे, कारण देणाऱ्याच्या हातून निसटून ते पुढे वाहत गेले.

मध्य प्रांताशी रमाबाईंचा संबंध येतो तो दुष्काळाच्या निमित्ताने. १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातील बालविधवा आणि निराधार मुली मरत आहेत असे कळताच त्या स्वतः या भागात आल्या आणि शेकडो मुलींना त्यांनी आपल्याबरोबर नेले. केडगावच्या मुक्तिसदनाचा विस्तार त्यांतूनच झाला. १८७०च्या दशकातील दुष्काळात त्यांचे आईवडील अन्नावाचून गेले होते. स्वतः उपाशी भटकलेल्या बाईला उपाशी मुलीकडे जाण्यासाठी वेगळा हेतू शोधावा लागला नसेल. तथापि हेही प्रामाणिकपणे नोंदविले पाहिजे की १८९८नंतर केडगावची संस्था उघडपणे ख्रिस्ती होती आणि तेथे आलेल्या अनेक मुलींचा पुढे बाप्तिस्मा झाला. भुकेल्या, आप्त गमावलेल्या मुलीची संमती कितपत स्वतंत्र मानावी, हा प्रश्न रमाबाईंविषयी कितीही आदर बाळगला तरी मिटत नाही. माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे मूळ नेमके येथे आहे.

६

नारायण वामन टिळकांच्या जीवनाला वळण मिळाले तेही मध्य प्रांतातच. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाने त्यांच्याशी सौजन्याने संभाषण केले आणि निरोप घेताना नव्या कराराची प्रत हाती दिली. तो गृहस्थ कोण होता हे टिळकांना कधीच कळले नाही. गिरिप्रवचन वाचताना ते पुस्तक त्यांना खाली ठेववेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

याच संदर्भात जबलपूरच्या इतिहासातील एका अल्पजीवी प्रयोगाची आठवण होते. टिळकांप्रमाणेच १८६१ साली जन्मलेले ब्रह्मबांधव उपाध्याय यांनी १८९९ साली येथे नर्मदेच्या तीरी ख्रिस्ती संन्याशांचा मठ स्थापन केला. भगवी वस्त्रे, मितभोजन आणि वेदान्ताच्या परिभाषेतून ख्रिस्ती तत्त्वाचे चिंतन असा त्यांचा संकल्प होता. चर्चच्या वरिष्ठांची संमती न मिळाल्याने तो लवकरच बंद पडला. उपाध्यायांनी ख्रिस्ती सत्याला सच्चिदानंदाच्या चौकटीत पाहिले. ज्ञानमार्गाचे मराठी-बंगाली पंडित ज्या उंचीवरून बोलत तीच त्यांची उंची होती. टिळकांनी दुसरी वाट धरली. आपण तुकारामाच्या सेतूवरून ख्रिस्तापर्यंत आलो, अशा आशयाचे उद्गार ते काढीत. त्यांचे साधन अभंग आणि ओवी होते आणि प्रमाण होते ते अंतःकरणाचे. तमिळमध्ये ‘रक्षण्य यात्रिकम्’ लिहिणारे कृष्ण पिळ्ळै यांनी वैष्णव भक्तीच्या वळणाने जे साधले त्याच्याशी टिळकांचे नाते जुळते.

येथे तत्त्वदृष्ट्या एक सूक्ष्म भेद आढळतो. स्वीडिश धर्मशास्त्रज्ञ आंडर्स नीग्रेन यांनी १९३०च्या दशकात ‘अगापे’चे लक्षण सांगताना ती अहेतुक आहे, म्हणजे प्रेमविषयाच्या योग्यतेवर अवलंबून नाही, असे प्रतिपादन केले. भागवतपुराणातही ‘अहैतुकी’ हा शब्द येतो, परंतु तो भक्तीचे विशेषण म्हणून. म्हणजे नीग्रेन यांच्या मते अहेतुक प्रेम ईश्वराकडून माणसाकडे येते. भागवताच्या मते ते माणसाकडून ईश्वराकडे जाते. टिळकांच्या ‘अभंगांजली’त हे दोन्ही प्रवाह एकत्र मिळतात. भक्ताची आर्तता वारकरी परंपरेतील आहे. पण ती मागणी म्हणून नव्हे, तर आधीच मिळालेल्या प्रीतीला दिलेला प्रतिसाद म्हणून प्रकट होते. श्रद्धा ही त्या प्रीतीची ओळख आणि सेवा ही तिची परतफेड नव्हे, तर तिचेच पुढे वाहणे. मराठी ‘प्रीति’ शब्दाला शृंगारापलीकडचा अर्थ मिळाला तो कोशातून नव्हे, तर अशा गाण्यांतून. मराठी ख्रिस्ती मंडळ्या आजही ‘उपासना संगीता’तून ती गातात.

टिळकांच्या विचाराची परिणती १९१७ साली झाली. ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादक म्हणून ते विख्यात होते, तरीही त्यांनी मिशनचे वेतन सोडले आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तशिष्य त्यात असावेत अशी त्यांची कल्पना होती. वेतन सोडणे आणि बाप्तिस्म्याची अट सोडणे या दोन कृती एकाच विचारातून आल्या आहेत. पहिलीने सेवा करणाऱ्याच्या लाभाचा हेतू गळाला, दुसरीने सेवा घेणाऱ्याकडून काही मिळविण्याचा हेतू गळाला. ९ मे १९१९ रोजी टिळकांचे निधन झाल्याने हा प्रयोग वाढू शकला नाही. परंतु माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाला मराठी ख्रिस्ती परंपरेच्या आतून, तिच्या श्रेष्ठ कवीने दिलेले उत्तर म्हणून त्याचे मोल कमी होत नाही.

७

मात्र कवीच्या विश्वव्यापी प्रेमाची झडती घेणारी एक व्यक्ती त्याच्या घरातच होती. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झाली. त्यांना शालेय शिक्षण जवळजवळ नव्हते. या ग्रंथाच्या विनोदावर, ओघवत्या भाषेवर पुष्कळ लिहिले गेले आहे. प्रेमाच्या प्रश्नाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व निराळे आहे.

टिळकांनी ख्रिस्तावरील प्रेमापोटी बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांची पत्नी लहान मुलासह आप्तांच्या दारी राहिली. अनेक वर्षांच्या ताटातुटीचे ते दुःख लक्ष्मीबाई लपवीत नाहीत आणि त्याचे भांडवलही करीत नाहीत. पुढेही टिळकांच्या हाती आलेला पैसा घरी पोहोचेपर्यंत शिल्लक राहील याची खात्री नसे. सगळ्या जगावर प्रेम करणाऱ्या माणसाच्या घरात चूल कोण पेटविते, हा प्रश्न त्या उपदेश न करता, नुसते प्रसंग सांगून विचारतात. अहेतुक प्रेमाची किंमत पुष्कळदा दुसरेच कोणी मोजत असते, हे सत्य त्यांच्याइतक्या शांतपणे मराठीत फारसे कोणी सांगितलेले नाही.

आणि तरीही १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. तो वादात हरून नव्हे आणि केवळ पतीच्या आज्ञेनेही नव्हे. ‘स्मृतिचित्रां’त त्यांच्या परिवर्तनाची कसोटी आहे ती सोवळ्याओवळ्याची. परक्या हातचे पाणी, परक्या जातीचे मूल, परक्याच्या पंक्तीचे अन्न यांविषयीची शिसारी जसजशी गळत जाते तसतशी श्रद्धा आकार घेते. सिद्धांत डोक्यात शिरण्याआधी प्रेम हातात आणि जिभेवर उतरते. आईवडिलांवाचून आलेली मुले त्यांच्या घरी वाढतात. ती कोणाची आहेत हे विचारण्याआधी त्यांना आंघोळ घालावी लागते. सेवेला प्रेरणा पुरविणारे प्रेम असे रोजच्या कामांत विरघळलेले असते. त्याला वेगळे नाव देण्याची सवड त्या बाईला नाही.

या घरातील आणखी एका वास्तव्याचा उल्लेख येथे करणे अगत्याचे आहे. त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे बालकवी, अहमदनगर येथे टिळकांच्या घरी मुलासारखे राहिले. १९०७च्या जळगावच्या कविसंमेलनात ज्याला ‘बालकवी’ ही पदवी मिळाली, त्या हळव्या, हट्टी मुलाचे लक्ष्मीबाईंनी रेखाटलेले चित्र मराठीतील उत्कृष्ट व्यक्तिचित्रांत गणले जाईल. ५ मे १९१८ रोजी रेल्वे अपघातात अकाली मृत्यू येईपर्यंत बालकवी ख्रिस्ती झाले नाहीत. त्यांच्यावरील माया त्यामुळे तसूभर कमी झाली, असे त्या चित्रात कोठेही जाणवत नाही. टिळकांनी ‘देवाच्या दरबारा’त जे तत्त्वरूपाने मांडले ते लक्ष्मीबाईंनी आधीच स्वयंपाकघरात सिद्ध केले होते. टिळकांच्या निधनाने अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांनी चौसष्ट अध्यायांची भर घालून पुढे नेले, ही घटनाही केवळ पतिनिष्ठेची नाही. ज्या प्रेमाची त्यांनी आयुष्यभर झडती घेतली त्याच्यावर त्यांनी शेवटी आपली सही केली, असा तिचा अर्थ मी करतो.

८

आता मूळ प्रश्नाकडे वळू. स्वातंत्र्यानंतर हा प्रश्न याच प्रांतात राज्यव्यवस्थेसमोर आला. जुन्या मध्य प्रदेश शासनाने १९५४ साली न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करणारी समिती नेमली. शाळा, रुग्णालये, अनाथालये यांचा उपयोग धर्मांतरासाठी होतो का, हे तपासून समितीने १९५६ साली कठोर अहवाल दिला. त्याच वर्षी ऑक्टोबरात नागपूर येथे डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली झालेल्या धम्मदीक्षेत नियोगी स्वतः बौद्ध झाले, ही गोष्ट धर्मांतराच्या प्रेरणा किती गुंतागुंतीच्या असतात याची सूचक आहे. १९६८ साली मध्य प्रदेशात बळ, प्रलोभन आणि कपट यांनी होणाऱ्या धर्मांतरास प्रतिबंध करणारा कायदा झाला. जबलपूर येथे मुख्यपीठ असलेल्या उच्च न्यायालयाने तो वैध ठरविला आणि १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. २०२१ साली त्याची जागा नव्या कायद्याने घेतली.

या निर्णयांचे मूल्यमापन हा प्रस्तुत लेखाचा विषय नाही. परंतु कायद्याची भाषा आणि साहित्याची भाषा यांतील अंतर नोंदविले पाहिजे. कायदा साधन पाहतो : बळ होते का, प्रलोभन होते का. हेतू त्याला कृतीवरून ताडावा लागतो. प्रेरणा हा त्याचा प्रांतच नव्हे. एकच भाकरी आमिष म्हणून देता येते आणि कळवळ्याने देता येते. भाकरीत फरक नसतो. तो फरक उघड होतो घेणाऱ्याने नकार दिल्यानंतर. नकारानंतर भाकरी थांबली तर ते आमिष होते; थांबली नाही तर ती प्रीति होती.

हा निकष मी बाहेरून आणलेला नाही. विवेचिलेल्या ग्रंथांतूनच तो मिळतो. गोदूबाई जोशी आणि बालकवी यांच्या बाबतीत रमाबाई व टिळक दाम्पत्य त्याला उतरतात. केडगावच्या दुष्काळग्रस्त मुलींच्या बाबतीत तो लावणे अवघड जाते, कारण नकार देण्याइतके बळ त्यांच्या अंगी होते की नाही हेच आपण सांगू शकत नाही. म्हणून दुर्बळाची सेवा करणाऱ्यावर एक जादा जबाबदारी येते : प्रेम देण्याआधी नकार देण्याची जागा मोकळी करून देणे. हे बंधन केवळ ख्रिस्ती सेवेवर नाही. गोखल्यांचा भारत सेवक समाज (१९०५), विठ्ठल रामजी शिंदे यांचे निराश्रित साहाय्यकारी मंडळ (१९०६), रमाबाई रानडे यांचे सेवासदन या संस्थांनी ‘सेवा’ या शब्दाला देवाच्या आणि धन्याच्या चाकरीपलीकडचा सामाजिक अर्थ दिला. तो अर्थ जेथे जेथे पोहोचला तेथे तेथे हा प्रश्नही पोहोचला आहे. मत, प्रतिष्ठा, संघटनेची वाढ किंवा पुण्य यांपैकी कोणताही हेतू सेवेमागे उभा राहू शकतो, आणि तो धर्मांतराइतका सहज दिसत नाही.

वर्गातील त्या विद्यार्थ्याला मी त्या दिवशी पूर्ण उत्तर देऊ शकलो नाही. ‘स्मृतिचित्रे’ वाचून पुन्हा या, एवढेच सांगितले. महिन्याभराने तो आला. नागपूरच्या एका आप्ताकडून त्याने प्रत मिळविली होती आणि घरी आजीला ती मोठ्याने वाचून दाखविली होती. आजी कर्मठ, धर्मांतराच्या प्रकरणाशी आल्यावर ती पुस्तक बंद करावयास लावील अशी त्याची अपेक्षा होती. त्याने वाचन थांबविले तेव्हा आजी म्हणाली, “थांबलास कशाला? त्या बाईचं पुढे काय झालं ते वाच.”

श्रद्धेचा निर्णय त्या आजीने बदलला नाही, बदलण्याचे कारणही नव्हते. परंतु दुसऱ्याचे पुढे काय झाले हे कळावे असे मनापासून वाटणे, ही प्रीतीची पहिली पायरी आहे. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाने आपल्या साहित्याला दिलेले देणे तपासताना आपणही तेथूनच आरंभ करावयास हवा.